भांगातलं शिसं

एस्प्लनेडला मेट्रो बदलायची म्हणून शकुन सरकत्या जिन्यावर उभी होती. दुर्गापूजेच्या सुट्ट्या अजून संपल्या नव्हत्या, त्यामुळे संध्याकाळची एरवीची ऑफिसवाली गर्दी नव्हती; नवे कोरे कपडे घातलेली माणसं होती, कडक इस्त्रीचा आणि अत्तराचा वास होता, आणि जमिनीखाली इतक्या खोलवरही न सुटणारा ऑक्टोबरचा तो चिकट घाम होता. मागच्या पायरीवरून कोणीतरी तिच्या खांद्याला हलकेच बोट लावलं. "दीदी, सिंदूर बह रहा है आपका. कान के पीछे." तिने वळून पाहिलं. तिच्याच वयाची, साठीकडे झुकलेली एक बाई कागदी रुमाल पुढे करून हसत होती. एक सवाष्ण दुसरीकडे पाहून हसते तसं ते हसू होतं, ओळखीची गरज नसलेलं. शकुनने रुमाल घेतला, कानामागे फिरवला आणि समोर धरून पाहिला. त्यावर नारिंगी-लाल ओघळ उमटला होता. जिना संपला ते तिला कळलंच नाही. पाऊल अडखळलं, त्या बाईनेच दंड धरून तिला बाजूला घेतलं, "सँभलके" म्हणाली आणि गर्दीत निघून गेली. शकुन खांबाला टेकून उभी राहिली. विनायकला, तिच्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं झाली होती. सिंदूर तिने लावलेला नव्हता. तो लावला गेला होता, दशमीच्या दुपारी, आणि आज पाचवा दिवस होता. पण तिला धक्का बसला तो त्याचा नव्हे. तिच्या मनात वीज चमकावी तसं एकच वाक्य उमटलं: शनिवारी मी याच डोक्याने आत गेले होते.

आत म्हणजे सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेतल्या त्या दोन खोल्या, जिथे हवासुद्धा गाळून सोडतात. शहराच्या हवेत शिसं असतं. रंगात असतं, बाजारच्या सिंदुरात असतं, धुळीत असतं, जुन्या पेट्रोलचं अजूनही मातीत असतं. आणि शकुन जे मोजायची ते दगडातलं शिसं इतकं थोडं असायचं की बाहेरचा एक कण आत आला तर दगड गप्प बसायचा आणि कणच बोलायला लागायचा. म्हणून त्या खोल्यांत जायचे नियम होते. चपला बाहेर, दागिने बाहेर, आपादमस्तक पांढरा झगा, टोपी, हातमोजे. काजळ नाही, पावडर नाही, कुंकू नाही. कपडे बदलायच्या खोलीत बायकांसाठी एक आरसा मुद्दाम टांगलेला होता, आत जाण्याआधी स्वतःला तपासून घ्यायला. तीस वर्षं शकुन रोज सकाळी त्या आरशासमोर कुंकू पुसत आली होती आणि रोज संध्याकाळी तिथेच पुन्हा लावत आली होती. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाई नागपूरहून इथे गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आल्या, तेव्हा एकदा तिला घाईत लावायचं राहून गेलं आणि ती तशीच घरी आली. सासूबाई जेवल्या नाहीत. "नवरा धडधाकट असताना रोज कपाळ पुसते ही," एवढंच त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. विनायक ताटावरून उठला नाही, चिडला नाही, भात कालवत राहिला. "आई, तुझं एकदा लावलेलं दिवसभर तसंच असतं," तो म्हणाला. "ही रोज पुसते आणि रोज लावते. म्हणजे मी रोज नव्याने जिवंत होतो. जास्त फायदा कोणाचा?" सासूबाईंना हसू आवरेना आणि राग सोडवेना, शेवटी त्या "मेल्या" म्हणून ताटावर बसल्या. शकुनला आता खांबाशी उभ्या उभ्या वाटलं, की आपलं सगळं काम, सगळे निबंध, सगळं नाव त्या एका कालवलेल्या भाताच्या जोरावर उभं आहे. तो त्या दिवशी गप्प बसला असता तरी चाललं असतं. बहुतेक पुरुष गप्प बसले असते. तो गेल्यावर महिन्याभराने ती कामावर परतली, आरशासमोर उभी राहिली, सवयीने हात कपाळाकडे गेला, आणि तिथे पुसायला काही नव्हतं. त्यानंतर तिने त्या आरशात पाहिलं नाही. तपासायचं काय? झगा चढवायचा, टोपी खाली ओढायची आणि आत जायचं.

गाडी आली. तिला बसायला जागा मिळाली आणि तो रुमाल तिने घडी करून पर्समध्ये न ठेवता मुठीतच धरला. तिची सगळी नोकरी एका प्रश्नात गेली होती, आणि तो प्रश्न कोणी विचारला तर ती अगदी साधा करून सांगायची: तांबं जमिनीत येतं कुठून? खाणीत ते सापडतं हे ठीक, पण खाण म्हणजे त्याचं घर झालं, जन्मगाव नव्हे. सिंहभूमच्या पट्ट्यातलं तांबं, काही जणांच्या मते, वरच्याच खडकांतलं आहे. खारट गरम पाण्याने ते धुऊन आणलं आणि एका जागी साठवलं. शकुनचं म्हणणं वेगळं होतं. तिला वाटायचं ते खालून आलं आहे, पृथ्वीच्या कवचाखाली जे प्रावरण आहे तिथून, वितळलेल्या दगडाबरोबर. वाटणं पुरेसं नव्हतं. तांब्याबरोबर शिशाचे कण अडकलेले असतात आणि शिसं साक्ष देतं. शिशाचे चार प्रकार, वजनाने किंचित वेगळे. त्यांतले तीन युरेनियम आणि थोरियम झिजता झिजता नव्याने तयार होत राहतात. चौथा होत नाही. पृथ्वी झाली तेव्हा तो जेवढा होता तेवढाच आज आहे. त्या चौथ्याशी बाकीच्यांचं प्रमाण काढलं की धातू कोणत्या थरातून निघाला याचा माग लागतो. पण सिंहभूमच्या त्या खनिजात युरेनियमही होतं, आणि ते कोट्यवधी वर्षं झिजत राहून नवं शिसं मिसळत आलेलं, त्यामुळे मूळचा आकडा झाकला गेलेला. वर्षानुवर्षं तिने नमुने मोजले आणि आकडे कधी तिच्या बाजूचे आले नाहीत, कधी पुरते विरुद्धही गेले नाहीत. मग एका खाणीतल्या सगळ्यात खोल गेलेल्या बोअरमधला दगडाचा तुकडा हाती आला. त्यात युरेनियम जवळजवळ नव्हतंच. ती खाण बंद पडली आहे, खालचे मजले पाण्याने भरले आहेत. तिथून दुसरा तुकडा आता कोणालाही मिळणार नाही. त्याची चिमूटभर पूड उरली होती आणि ती शकुनने शनिवारी, सुट्टी असूनही, आत जाऊन स्वतःच्या हाताने आम्लात विरघळवली. सगळी. थोडी मागे ठेवण्याइतकीही ती नव्हती. वृंदाने ते द्रावण यंत्रावर चढवलं आणि सोमवारी आकडा आला.

वृंदा तिची विद्यार्थिनी, चंद्रपूरची. पाचवं वर्ष चालू होतं आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या एका आकड्यासाठी अडलं होतं. सुट्टीत गावी न जाता ती इथेच राहिली होती. सोमवारी दुपारी तिचा फोन आला तेव्हा शकुनला आधी फक्त श्वास ऐकू आला. "मॅडम, बसल्या आहात नं? बसा आधी." मग आकडे. शकुनने ते एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. आलेखावर प्रावरणाची जी वक्र रेघ असते, तो बिंदू तिच्यावर जाऊन बसला होता. जवळ नव्हे, वर. "कोऱ्या कुपीचं काय?" तिने विचारलं. प्रत्येक खेपेला एक कुपी दगडाशिवाय, नुसतं आम्ल घेऊन त्याच वाटेने नेतात. त्यात शिसं आलं तर समजायचं बाहेरचं काहीतरी शिरलं आहे. "स्वच्छ आहे मॅडम, आजवरची सगळ्यात स्वच्छ," वृंदा म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच म्हणाली, "मी आता रोशोगोल्ला खाणार आहे, पाच खाणार आहे, वजन गेलं खड्ड्यात." आज दोघींनी बसून निष्कर्षाचा परिच्छेद लिहिला होता. उद्या तो बाहेरच्या परीक्षकांकडे जायचा होता.

डब्यात समोर एक मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती, पायात नवे बूट, टाच सोललेली. शकुनने फोन काढला. उन्मेषने, तिच्या मुलाने, दशमीला काढलेला फोटो त्यात होता, न्यू टाउनहून तो तेवढ्यापुरता आला होता आणि खाली लिहिलं होतं, "आई, किती रेड झाली तू!" इथेच वाढलेल्या त्या मुलाचं मराठी असंच, पाय घसरत चालणारं, आणि तिला ते ऐकताना नेहमी वाटायचं की चालतंय हेच पुष्कळ. फोटोतली बाई खरोखर लाल झाली होती. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, आणि भांगात तर कोणीतरी ओंजळ उपडी केल्यासारखं. ते बाणीदींचं काम. बाणीदी तळमजल्यावरच्या, बंगाली, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे गेलेल्या. रेल्वे क्वार्टर सोडून या सोसायटीत राहायला आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं आणि "शकुन" ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "असं नाव कोण ठेवतं ग पोरीचं? आमच्यात शकुन म्हणजे गिधाड!" आमच्यात शुभ असतं, असं शकुन सांगत राहिली, पण बाणीदींनी त्या दिवसापासून तिला शकुंतला केलं ते केलंच. देवी निघायच्या आधी सगळ्या सवाष्णी तिला सिंदूर लावून मग एकमेकींना माखतात, तेव्हा शकुंतला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणून शकुनलाही ओढायच्या. विनायक बाकावर बसून म्हणायचा, "आपल्याकडे मारुतीला लावतात एवढा शेंदूर. बायको ओळखू येत नाहीये, कोणती घरी नेऊ?" तो गेल्यावर पहिल्या वर्षी शकुन खिडकीशीही गेली नाही. कोणी बोलवायला आलं नाही. तेही बरोबरच होतं, कोणाच्या मनात वाईट नव्हतं, नुसती पद्धत होती. या वर्षी दार वाजलं आणि बाणीदी उभ्या होत्या. तीन जिने चढून आलेल्या, लिफ्ट नाही, हातात चांदीची डबी, बोलायला श्वास नाही. "तुम्ही कशाला चढून आलात?" "तू उतरत नाहीस म्हणून." "बाणीदी, मला चालत नाही आता." "कोणाला चालत नाही? मला विचारलंस? माझे गुडघे चालत नाहीत, त्यांना कोण विचारतं!" आणि त्यांनी दारातच, उंबऱ्याच्या त्या बाजूला उभं राहून, तिचं डोकं डाव्या हाताने धरलं, खाली वाकवलं आणि उजव्या हाताचं बोट भांगातून मागपर्यंत नेलं. सावकाश. कोरड्या सिंदुराची खरखर तिला टाळूवर जाणवली. मग गाल, मग कपाळ. शकुनला आठवलं ते एवढंच, की डोक्याला कोणाचा तरी हात लागला. दोन वर्षांत लोकांनी तिला नमस्कार केले होते, तिच्याशी हात मिळवले होते, उन्मेष आला-गेला की खांद्याला खांदा लागायचा. पण डोकं कोणी हातात धरलं नव्हतं.

आणि म्हणून तिने डोकं धुतलं नाही. हे आता, रवींद्र सरोवरला उतरून रस्त्यावर आल्यावर तिने स्वतःपाशी नीट मांडलं, जसं ती एखादं निरीक्षण मांडे. चेहरा धुतला होता. अंघोळ रोज केली होती. केसांना मात्र पाणी लावलं नव्हतं; सर्दी झाल्यासारखं वाटतंय, असं ती मनाशी म्हणाली होती. सर्दी नव्हती. केस वरून विंचरून, गच्च बांधून ती शनिवारी गेली होती. माहीत नव्हतं असं नाही आणि लक्षात होतं असंही नाही. या दोहोंच्या मध्ये माणसाला उभं राहता येतं हे तिला इतक्या वयात कळलं होतं. आरशात तिने पाहिलं नाही. आत, कुपीवर वाकलेली असताना, टोपीचा इलॅस्टिक कपाळाला टोचत होता म्हणून तिने हातमोज्याच्या बोटाने तो मागे सरकवला होता. आता तो क्षण तिला डोळ्यांसमोर दिसत होता, पण तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. भीती वाटली की माणूस असे क्षण तयारही करतो. फुटपाथवर बांबूचे मांडव सोडवायचं काम चाललं होतं, कापडाच्या घड्या उन्हाचा आणि धुपाचा वास देत होत्या. ती चालता चालता हिशेब मांडत होती. कोरी कुपी स्वच्छ होती. म्हणजे कण पडला असेल तर एकाच कुपीत पडला. म्हणजे कोणाला कधीही कळणार नाही. आकडा सुंदर आहे, तिच्या मतासारखाच आहे, वृंदाचा प्रबंध पुरा होतो आहे, पूड संपली आहे, खाण बुडाली आहे. पुन्हा मोजून खोटं पाडणारं जगात काही उरलेलं नाही. तिच्या मनाने हे सगळं तिला अगदी शांतपणे वाचून दाखवलं आणि मग वाट पाहत थांबलं. शकुनला त्या शांततेची किळस आली, आणि पाठोपाठ थोडं हसू. इतकी वर्षं मी दगडांना साक्ष द्यायला लावते आहे, तिला वाटलं, आणि स्वतःचा दगड आला तर तो केवढा गोड बोलतो.

घरी न जाता तिने तळमजल्यावरची बेल वाजवली. बाणीदींनी दार उघडलं, हाताला पीठ होतं. "बाणीदी, थोडा सिंदूर हवा होता. दशमीला लावलात त्याच डबीतला." बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय मागितलं. बाणीदी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. एक विधवा बाई संध्याकाळच्या वेळी दारात उभी राहून सिंदूर मागते आहे. कोणीही काहीतरी विचारलं असतं. त्यांनी हात पदराला पुसले, आत गेल्या, कागदाच्या पुडीत चमचाभर घालून आणला. "पुरेल?" "पुष्कळ झाला. मोजायचा आहे." "मोजायचा? सिंदूर मोजतात?" "म्हणजे त्यात काय आहे ते बघायचं आहे." "आमच्या दुकानदाराने विटेची पूड घातली असणार," बाणीदी म्हणाल्या. "त्याला शिव्या घालायच्या असतील तर मला सांग, मी घालते. तुला नीट येत नाहीत." त्यांनी पुडी तिच्या हातात ठेवली आणि वरून आपल्या हाताने तिची मूठ मिटवली. त्या रात्री शकुनने डोकं धुतलं. नहाणीत खाली बसून, तांब्याने पाणी घेऊन. पहिलं पाणी गुलाबी गेलं, दुसरं फिकट, आणि मग नुसतं पाणी.

सकाळी वृंदा परिच्छेदात स्वल्पविराम हलवत बसली होती. शकुनने सगळं तिला उभ्यानेच सांगितलं: दशमी, केस, टोपी, जिन्यावरची बाई. वृंदाचा चेहरा आधी कळलं नाही असा झाला, मग कळलं असा, मग परत कळलं नाही असा. "पण कोरी कुपी स्वच्छ आहे नं, मॅडम." "एका कणाला दोन्ही कुपीत पडायची सक्ती नसते." "म्हणजे पडला असेलच असं नाही." "नाही. म्हणून मोजू या." सिंदूर बाहेरच्या, साध्या खोलीत विरघळवला, स्वच्छ खोलीत तो नेणं म्हणजे घरात हत्ती नेणं. यंत्र तापायला वेळ लागतो, दोघी काचेपलीकडे बसून राहिल्या. वृंदा नखं खात होती. मध्येच म्हणाली, "बाबांना काल सांगून टाकलं मी. त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की मुलीने तांब्याचं मूळ शोधलं." शकुनला तिचं डोकं हाताने धरावंसं वाटलं आणि कसं धरतात ते सुचेना. मग आकडे यायला लागले. सिंदुरातलं शिसं कुठल्या एका खाणीचं नव्हतं. जुन्या बॅटऱ्या वितळवून काढलेलं असावं, किती देशांच्या किती खाणींचं एकमेकांत गेलेलं, त्यामुळे त्याला गाव सांगता येईना. वृंदाने तो बिंदू आलेखावर टाकला. पलीकडे वर्षानुवर्षांच्या जुन्या नमुन्यांचा घोळका होता, अलीकडे हा सिंदूर. दोन गोष्टी मिसळल्या की मिश्रण त्यांना जोडणाऱ्या सरळ रेघेवर पडतं. वृंदाने पट्टी ठेवली. सोमवारचा बिंदू रेघेवर होता, सिंदुराच्या बाजूला सरकलेला. ती रेघ जाता जाता प्रावरणाच्या वक्राला छेदत होती, तिथेच. दुसऱ्या प्रकाराचा आलेख काढला, तिथेही रेघेवर.

"सिंदूर वजा करता येईल का?" वृंदाने विचारलं. "किती पडला ते माहीत असेल तर येईल." "ते तर माहीत नाही." तिने पट्टी पुन्हा आलेखावर ठेवली. "आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत वजा करत राहू या का मग?" आणि दोघी एकदम हसल्या, वृंदाचे डोळे भरलेले, शकुनचेही. मग वृंदाने, कोणी न सांगता, संगणकावरचा तो परिच्छेद निवडला आणि पुसला. शकुन तिच्या बोटाकडे बघत होती. आपण हे सांगायला आलो, पण तो पुसायचा हात तिचा होता. तिच्या वयात आपण पुसलं असतं का, हे शकुनला खात्रीने सांगता आलं नसतं. "शेवटच्या प्रकरणात काय लिहायचं?" "उगम ठरवता आला नाही. का ठरवता आला नाही, तेही." "सिंदुरासकट?" "सिंदुरासकट. माझ्या नावासकट. परीक्षक प्रबंध थांबवणार नाहीत, मी बोलेन त्यांच्याशी. पाच वर्षांचं काम एका बिंदूवर उभं नाही." वृंदा नाक पुसून म्हणाली, "बाबांना काय सांगू पण? गल्लीला?" "सांग, मॅडमच्या डोक्यातून आलं म्हणून." "कोणाला खरं वाटेल?" ती पुन्हा हसली, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुम्हाला वाईट नाही वाटत, मॅडम? तीस वर्षं..." "वाटतं ना," शकुन म्हणाली. ते खरं होतं. आणि ते वाईट वाटणं पुष्कळ दिवस राहणार होतं. पण तिची नजर आलेखावरून हलत नव्हती. तो बिंदू तांब्याचा नव्हता हे आता कळलं होतं; मग तो कशाचा होता? एका बाईने तीन जिने चढून येऊन डोक्यावर हात ठेवला, त्याचा होता. दगडातल्या शिशाला झाकून उरेल इतका तो हात होता. दुसऱ्याचा जीव आपल्यावर आहे हे माणसाला अंदाजानेच मानावं लागतं, उभं आयुष्य अंदाजावर काढावं लागतं. आणि तिच्यापुढे ते दशांशाच्या चार स्थळांपर्यंत मोजून पडलं होतं. विनायकला हे सांगायला हवं होतं. तो भात कालवता कालवता काहीतरी म्हणाला असता. तिने वृंदाला सांगितलं, ही आकृती प्रबंधात ठेव, छान काढ, रेघ ठळक कर.

संध्याकाळी बाणीदी पंख्याखाली बसून मटार सोलत होत्या. शकुन खाली जमिनीवर बसली आणि तिने एक शेंग हातात घेतली. आधी तिने शिशाचं सांगितलं: या डबीतला सिंदूर आता लावायचा नाही, घरातल्या कोणीच नाही, आणि येत्या शनिवारी दोघींनी जाऊन तुमचं रक्त तपासून घ्यायचं. पन्नास वर्षं लावते आहे, मला काय झालं, असा बाणीदींनी दाखला दिला, शकुनने तो ऐकून घेतला आणि शनिवार सोडला नाही. "दुकानदाराला मीच बघते," बाणीदी म्हणाल्या. मग शकुनने कामाचं सांगितलं. त्यांचे हात थांबले. "ओ मा. माझ्यामुळे तुझं काम गेलं?" "काम गेलं. पण तुमच्यामुळे नाही, मी आरशात पाहिलं नाही म्हणून." "किती पडला होता?" "डोळ्याला दिसणार नाही इतका. कण." बाणीदी शेंगेचा दोरा काढत राहिल्या. शकुनने सांगितलं की आमच्याकडे हळदीचं कुंकू मिळतं, चुन्यात भिजवून लाल करतात, त्यात शिसं नसतं. नागपूरहून मागवते, तुम्ही ते लावा. "मग पुढच्या दशमीला तेच आणीन वर," बाणीदी म्हणाल्या. "आणि ते सांडलं तुझ्या त्या कुपीत, तर?" "माझ्या यंत्राला ते दिसणार नाही." "मुळीच नाही?" "शिसंच नाही तर दिसणार काय?" बाणीदींनी मटाराचे दाणे ताटलीत ओतले आणि तिच्या धुतलेल्या, मोकळ्या भांगाकडे एकदा नीट पाहिलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग डोकं धुवायची घाई करू नकोस."